पहिल्या तासाची भूक : शाळेत न्याहारी द्यावी का?

आजचा विषय आहे मुलांची सकाळची न्याहारी. सुरुवात एका साध्या हिशोबानं करू.

मोलमजुरी करणाऱ्या घरातलं आठ वर्षांचं मूल डोळ्यांसमोर आणा. रात्री आठला त्याचं जेवण झालं. सकाळी उठल्यावर कपभर चहा, फार तर त्यात बुडवायला एखादा बटर किंवा दोन बिस्किटं. शाळा दहाला भरली. शालेय पोषण आहाराची खिचडी ताटात पडली दुपारी एकच्या सुमारास. रात्री आठ ते दुपारी एक, किती तास झाले? सतरा. आपल्याकडे उपास करणारी मोठी माणसंसुद्धा सतरा तास नुसत्या चहावर काढत नाहीत. मध्ये साबुदाणा होतो, केळं होतं, भगर होते.

आता त्या मुलाच्या शाळेचं वेळापत्रक बघा. भाषा आणि गणित बहुतेक शाळांत सकाळी आधी घेतात, कारण तेव्हा मुलं ताजीतवानी असतात असं आपण धरून चालतो. म्हणजे जे विषय सगळ्यांत अवघड, ते बरोबर या सतरा तासांच्या शेवटच्या टोकाला येतात. पोट भरतं तेव्हा राहिलेली असते चित्रकला आणि खेळाचा तास.

तेव्हा प्रश्न असा आहे : सरकारी शाळेनं दुपारच्या जेवणाबरोबर सकाळची न्याहारीही द्यावी का? माझं मत आधीच सांगून टाकतो. द्यावी. पण तीन अटींवर. दुपारच्या जेवणाला कात्री लावून नको, निवडक 'गरीब' मुलांना वेगळं काढून नको, आणि रांधणाऱ्या बाईच्या फुकट कष्टावर नको. हे मत का, ते आता टप्प्याटप्प्यानं पाहू. विरोधात जे बोललं जातं तेही ऐकू, कारण त्यातलं सगळंच काही चुकीचं नाही.

उपाशी मेंदूचं काय होतं?

लहान मुलाचा मेंदू फार खादाड असतो. पाच वर्षांच्या आसपास शरीराला मिळणाऱ्या ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी ऊर्जा एकटा मेंदू वापरतो. मोठ्या माणसात हे प्रमाण साधारण पाचवा हिस्सा असतं. दुसरी गोष्ट म्हणजे मुलाचं यकृत लहान, त्यामुळे रात्रीसाठी साठवून ठेवलेली साखरही कमी. रात्रभराच्या उपासानंतर ती शिल्लक आपल्यापेक्षा मुलाची लवकर संपते.

पण सगळ्या मुलांवर याचा परिणाम सारखा होत नाही, आणि हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. जमैकामध्ये १९८० च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. धडधाकट मुलांनी एक दिवस न्याहारी चुकवली तर त्यांच्या विचारशक्तीवर फारसा परिणाम दिसला नाही. आधीच कुपोषित असलेल्या मुलांचं मात्र काही चाचण्यांमध्ये स्पष्टपणे घसरलं. म्हणून 'आम्ही नाही का लहानपणी उपाशीपोटी शाळेत गेलो?' हा युक्तिवाद इथं लागू पडत नाही. ज्याच्या अंगात शिल्लक आहे, त्याला एक दिवसाची तूट सोसते. ज्याची शिल्लकच शून्य आहे, त्याला सोसत नाही.

आणि आपल्या देशात शून्य शिल्लक असलेली मुलं किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी होती आणि ३२.१ टक्के मुलांचं वजन कमी होतं. सहा महिने ते पाच वर्षं या वयात ६७.१ टक्के मुलांना रक्तक्षय होता. त्या पाहणीतली मुलं आज प्राथमिक शाळेत बसलेली आहेत. याच आकडेवारीवरून काढलेल्या जागतिक बहुआयामी गरिबी निर्देशांकात असं दिसलं, की भारतात सातांपैकी एक प्रौढ माणूस गरीब आहे, पण मुलांमध्ये हेच प्रमाण पाचांपैकी एकाहून जास्त आहे. म्हणजे देशाची गरिबी कमी झाली तरी उरलेल्या गरिबीत मुलांचा वाटा मोठा राहिला.

घरात रेशनचं धान्य आहे, मग मूल उपाशी का?

हा प्रश्न प्रत्येक चर्चेत येतो. देशातल्या सुमारे ८० कोटी लोकांना माणशी महिना पाच किलो धान्य फुकट मिळतं. मग सकाळी भाकरी का होत नाही?

आधी पाच किलोचा हिशोब करू. तीस दिवसांनी भागलं तर दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. त्यात डाळ नाही, तेल नाही, भाजी नाही. दोन वेळच्या जेवणालाच ते जेमतेम पुरतं.

पण समजा धान्य भरपूर आहे. तरी न्याहारीला आणखी तीन गोष्टी लागतात : जळण, रांधणारे हात आणि सकाळचा वेळ. गरीब घरात नेमकी सकाळच्या वेळेची टंचाई असते. ऊसतोडीच्या हंगामात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात आणि फडात काम पहाटेच सुरू होतं. वीटभट्टीवर उन्हं चढायच्या आत विटा पाडायच्या असतात. मुंबई, पुणे, बंगळूर, सुरत, इंदूर या शहरांत सहा-सात वाजता दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटायला जाणाऱ्या बाईला स्वतःच्या लेकरासाठी त्याच वेळी पोळी लाटता येत नाही. तिच्या हातची गरम न्याहारी रोज होते, फक्त ती दुसऱ्याच्या घरात होते. यात आईचा आळस कुठे आला?

म्हणूनच या प्रश्नावर धान्य वाढवून किंवा खात्यात पैसे टाकून पूर्ण उत्तर मिळत नाही. पैसे आले तरी पहाटे साडेपाचला चूल पेटवायला आई घरी नसेल, तर सकाळी चहा-बिस्कीटच. शाळा मात्र हे करू शकते. शंभर घरांतली शंभर चुलींची कामं एका चुलीवर येतात, आणि मुलं तशीही तिथंच येणार असतात.

दुपारचं जेवण कसं आलं, ते आठवा

न्याहारीवर आज जे आक्षेप घेतले जातात, तेच एकेकाळी दुपारच्या जेवणावर घेतले गेले होते. म्हणून थोडा इतिहास.

१९२० साली मद्रास महापालिकेनं थाउजंड लाइट्स भागातल्या आपल्या शाळेत मुलांना जेवण द्यायला सुरुवात केली. कामराज मुख्यमंत्री असताना १९५६ मध्ये ही योजना राज्यभरातल्या शाळांकडे वळली. १ जुलै १९८२ रोजी एम. जी. रामचंद्रन यांनी तिचा मोठा विस्तार केला, तेव्हा 'एवढा खर्च राज्याला परवडणार नाही', 'ही मतांसाठीची खैरात आहे' अशी टीका झाली. १९८९ नंतर त्याच ताटात अंडं आलं.

केंद्रानं १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशपातळीवर योजना सुरू केली, पण बहुतेक राज्यांनी काय केलं? मुलांना घरी न्यायला महिन्याला तीन किलो धान्य दिलं. ते घरच्या डब्यात गेलं आणि सगळ्यांत वाटलं गेलं. शिजवलेलं अन्न ताटात यायला सर्वोच्च न्यायालयाचा २८ नोव्हेंबर २००१ चा आदेश लागला. सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला वर्षात किमान २०० दिवस शिजवलेलं अन्न द्या, त्यात किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं असू द्या, असं न्यायालयानं सांगितलं. पुढे हे माप प्राथमिक वर्गांसाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं असं वाढलं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं तो मुलांचा हक्क झाला. आज 'पीएम पोषण' या नावानं सुमारे ११ कोटींहून अधिक मुलं या योजनेच्या कक्षेत आहेत.

त्याचा उपयोग झाला का? झाला. तनिका चक्रवर्ती आणि राजश्री जयरामन यांनी देशभरातल्या मुलांच्या वाचन-गणिताच्या चाचण्यांचा अभ्यास केला. प्राथमिक शाळेची पाचही वर्षं हे जेवण मिळालेल्या मुलांचे वाचनाचे गुण, वर्षभरापेक्षा कमी काळ जेवण मिळालेल्या मुलांपेक्षा १८ टक्के जास्त होते. गणितात हा फरक ९ टक्के होता. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात तर लहानपणी शाळेत जेवलेल्या मुली आई झाल्यावर त्यांच्या बाळांची उंची चांगली भरली, असं दिसलं. एका पिढीच्या ताटाचा फायदा पुढच्या पिढीला झाला.

तमिळनाडूतली न्याहारी

आता सकाळकडे येऊ. १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराईत 'मुख्यमंत्री न्याहारी योजना' सुरू झाली. पहिल्या टप्प्यात १,५४५ सरकारी प्राथमिक शाळा आणि सुमारे १ लाख १४ हजार मुलं, पहिली ते पाचवीतली. २५ ऑगस्ट २०२३ रोजी ती राज्यातल्या सगळ्या सरकारी प्राथमिक शाळांत गेली. जुलै २०२४ मध्ये ग्रामीण भागातल्या अनुदानित शाळा आल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये शहरातल्या अनुदानित शाळा. आता सुमारे २० लाख मुलं सकाळी शाळेत खातात.

ताटात काय असतं? सोमवारी रव्याचा, शेवयांचा किंवा गव्हाच्या रव्याचा उपमा आणि भाज्या घातलेलं सांबार. मंगळवारी किचडी. ही आपली डाळ-तांदळाची खिचडी नव्हे. ती रव्याची, भाज्या घातलेली, आपल्या उप्पिटाची बहीण म्हणा. बुधवारी पोंगल आणि सांबार. दर मुलामागे ५० ग्रॅम तांदूळ, रवा किंवा भरडधान्य आणि सांबारासाठी १५ ग्रॅम डाळ. सरासरी २९३ कॅलरी आणि जवळजवळ १० ग्रॅम प्रथिनं. पहिल्या टप्प्यात दर मुलामागे रोजचा खर्च धरला होता १२ रुपये ७१ पैसे.

रांधतात बचत गटाच्या बाया, शक्यतो त्याच शाळेत ज्यांची मुलं शिकतात अशा. ही अट वरवर साधी वाटते, पण तिचा उपयोग मोठा आहे. जिचं स्वतःचं लेकरू त्या पंगतीत बसणार आहे, ती रव्यातली अळी डोळ्याआड करत नाही.

इतर राज्यांतही हालचाल आहे. कर्नाटकात १ ऑगस्ट २०१३ पासून 'क्षीर भाग्य' योजनेत शाळेत दूध मिळतं, आणि २०२४ पासून काही दिवस त्यात नाचणीचं सत्त्व घालतात. बेळगाव, बिदर, कारवारकडच्या मंडळींना हे माहीत असेल. गुजरातनं डिसेंबर २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री पौष्टिक अल्पाहार योजना' आणली : सुखडी, चण्याचं चाट, मोड आलेली कडधान्यं, सुमारे ४१ लाख मुलांसाठी. बडोदा-सुरतेतल्या मराठी शाळांमध्ये ज्यांची मुलं जातात, त्यांनी ही योजना आपल्या शाळेत कशी चालते ते जरूर बघावं.

पुरावा काय सांगतो?

इथं जरा जपून बोलायला हवं. तमिळनाडू सरकारनं प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार पहिल्या टप्प्यातल्या १,५४३ शाळांपैकी १,३१९ शाळांत हजेरी वाढली. चांगली गोष्ट आहे. पण तो काळ कोविडनंतर शाळा सावरण्याचा होता. हजेरी इतर कारणांनीही वाढली असेल. न्याहारीनं किती वाढली आणि एरवीच किती वाढली असती, हे नुसत्या आधी-नंतरच्या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही.

म्हणून जिथं नीट तुलना केली गेली, तिकडे बघू. जमैकाच्या ग्रामीण भागात १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. १६ शाळांतल्या आठशेहून अधिक मुलांचे दोन गट केले. एका गटाला वर्षभर शाळेत न्याहारी, दुसऱ्याला संत्र्याचा एक चतुर्थांश तुकडा. तुकडा कशासाठी? तर 'आपल्याकडे कुणी लक्ष देतंय' याचा परिणाम दोन्ही गटांत सारखा राहावा म्हणून. वर्षअखेर न्याहारीवाल्या मुलांची हजेरी, वजन आणि उंची थोडी जास्त भरली, आणि लहान वर्गांतल्या मुलांचं गणित सुधारलं. फरक डोळे दिपवणारा नव्हता. पण तो खरा होता आणि तो लहान वर्गांत दिसला.

इंग्लंडमध्ये २०१४-१५ मध्ये शंभरावर शाळांत असाच प्रयोग झाला. तिथं सहा-सात वर्षांची मुलं वर्षअखेर वाचन, लेखन आणि गणितात सुमारे दोन महिन्यांनी पुढे गेल्याचं दिसलं. त्यातला एक भाग विचार करण्यासारखा आहे. वर्गाचं वातावरणच शांत झालं, त्यामुळे शाळेत न्याहारी न करणाऱ्या मुलांनाही फायदा झाला असावा, असं अभ्यासकांना वाटलं. कुठल्याही शिक्षिकेला विचारा. वर्गातली दहा मुलं चुळबुळत असतील, तर बाकी तीस मुलांचाही तास वाया जातो.

आणि न्याहारीनं काय होणार नाही, तेही सांगायला हवं. आठव्या वर्षी दिलेल्या उपम्यानं लहानपणी खुंटलेली उंची फारशी भरून निघत नाही. ती खुंटते आईच्या पोटात आणि बाळाच्या पहिल्या दोन वर्षांत. तिथं उपाय गरोदर बाईचं ताट आणि अंगणवाडी हाच आहे. न्याहारीचं काम मर्यादित आहे : मुलाला वेळेवर शाळेत आणणं आणि सकाळचे तास त्याच्या उपयोगी पडतील असं करणं. तेवढंच मागितलं तर ती पास होते.

विरोधातले चार मुद्दे

पहिला : 'मुलाला खाऊ घालणं ही आई-बापाची जबाबदारी आहे.' तत्त्व म्हणून मान्य. पण जबाबदारी पार पाडायला वेळ आणि साधन लागतं, त्याबद्दल वर बोललो. शिवाय या वादात शिक्षा कुणाला होते ते बघा. बाप दारू पितो म्हणून जबाबदारी चुकली असं धरलं, तरी उपाशी बसतं ते तिसरीतलं पोर. बापाला धडा शिकवायला पोराचं पोट वापरायचं का?

दुसरा : 'आधी दुपारचं जेवण तरी नीट द्या.' हा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. मे २०२५ पासून प्राथमिक वर्गासाठी डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन या सगळ्याचा दर आहे दिवसाला मुलामागे ६ रुपये ७८ पैसे. धान्य वेगळं मिळतं, पण एवढ्या पैशांत भाजी किती आणि डाळ किती? महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये शासनानं त्याचा वेगळा निधी थांबवला आणि अंडं द्यायचं तर लोकसहभागातून द्या, असं शाळांना सांगितलं. ज्या गावाला लोकसहभाग परवडतो तिथल्या मुलांना अंड्याची गरज कमी, आणि जिथं गरज जास्त तिथं वर्गणी कोण देणार? म्हणून माझी पहिली अट : दुपारच्या ताटातलं काढून सकाळच्या ताटात वाढायचं नाही. तसं होणार असेल, तर न्याहारीची घोषणा नसलेलीच बरी.

तिसरा : 'पैसा कुठून आणायचा?' १२ रुपये ७१ पैसे गुणिले २२० दिवस, म्हणजे मुलामागे वर्षाला सुमारे २,८०० रुपये. आता भाव वाढलेत, थोडं जास्त धरा. एक कोटी मुलांसाठी साधारण २,८०० कोटी रुपये. रक्कम मोठी आहे, यात शंका नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सकाळच्या पौष्टिक न्याहारीची शिफारस स्पष्ट शब्दांत आहे. शिक्षण मंत्रालयानं तसा प्रस्तावही मांडला. त्यासाठी वर्षाला सुमारे ४,००० कोटी जादा लागतील असा अंदाज तेव्हा बातम्यांत आला होता. २०२१ मध्ये अर्थ मंत्रालयानं पैशांअभावी तो नाकारला, आणि त्याच वर्षी मंजूर झालेल्या 'पीएम पोषण'मध्ये न्याहारी आली नाही.

पण दुसऱ्या बाजूनं बघा. वर्गखोली, शिक्षकांचे पगार, पुस्तकं, गणवेश यांवर आपण आधीच खर्च करतो आहोत. मूल सकाळचे दोन तास पेंगत बसलं, तर त्या दोन तासांचा सगळा खर्च पाण्यात जातो. तो तोटा कुठल्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून तो नाही असं समजायचं का?

आणि गरम उपमाच हवा असंही नाही. त्याच धोरणात म्हटलंय की जिथं गरम अन्न शक्य नाही तिथं शेंगदाणे किंवा चणे, गूळ आणि स्थानिक फळं द्यावीत. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा एक खडा यातून दोनशेच्या वर कॅलरी आणि सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. चूल नको, पहाटेचा स्वयंपाक नको. डोंगरातल्या पंधरा-वीस पटाच्या शाळेला सुरुवात करायला हे पुरेसं आहे.

चौथा : 'शिक्षकांनी शिकवायचं की रांधायचं?' शिक्षकांची ही तक्रार रास्त आहे. तांदळाच्या गोण्या मोजणं, ॲपवर फोटो टाकणं, चव घेणं, नोंदी ठेवणं यात त्यांचा वेळ जातो. न्याहारीचं काम शिक्षकांच्या गळ्यात मारलं तर वाचलेला तास दुसऱ्या दारानं जाईल. हे काम बचत गटाकडेच असायला हवं. पण मग त्या बाईचं काय? स्वयंपाकी-मदतनिसांसाठी केंद्रानं २००९ पासून ठरवलेलं मानधन आहे महिना १,००० रुपये, आणि तेही वर्षातले दहा महिने. बरीच राज्यं त्यात आपली भर घालतात. तरी मूळ आकडा इतक्या वर्षांत हललेला नाही. आता तिला पहाटे पाचला बोलवायचं, तर तिच्या घरची चूल कोण पेटवणार? दुसऱ्याच्या लेकरांची न्याहारी करायला स्वतःचं लेकरू उपाशी ठेवून येणारी बाई, हाच तर प्रश्न सोडवायला आपण निघालो होतो! म्हणून न्याहारी ही वेगळ्या मजुरीचं वेगळं काम असलं पाहिजे.

एका पंगतीत

शेवटची अट : सगळ्यांना सरसकट. 'ज्यांना गरज आहे त्यांनाच द्या, पैसे वाचतील' हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण वर्गात 'गरज असलेले हात वर करा' असं म्हटलं, तर किती हात वर होतील? सातव्या-आठव्या वर्षी मुलाला स्वतःची गरिबी कळलेली असते आणि ती लपवायचीही असते. शिक्का बसणार असेल तर ते उपाशी राहणं पसंत करतं.

एका पंगतीचा आणखी एक अर्थ आपल्या देशात आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये तमिळनाडूतल्या करूर जिल्ह्यात एका शाळेत दलित बाई न्याहारी बनवते म्हणून काही पालकांनी मुलांना खाऊ देईनासं केलं. जिल्हाधिकारी स्वतः शाळेत गेले, पालकांना कायद्याची समज दिली आणि तिच्या हातची न्याहारी मुलांसोबत बसून खाल्ली. अशा घटना दुपारच्या जेवणातही झाल्या आहेत, अनेक राज्यांत. सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्येच स्वयंपाकाच्या कामात दलित आणि आदिवासी बायांना प्राधान्य द्या, असं सांगितलं होतं. सामाईक चूल ही जात उघडी पाडते, हे खरं. पण रोज सकाळी एकत्र खाणारी मुलं तीच जात हळूहळू विसरूही शकतात, मोठ्यांनी मध्ये येऊन आठवण करून दिली नाही तर.

आपण काय करू शकतो?

तुम्ही कुठल्याही राज्यात असा, जवळच्या सरकारी शाळेत चार गोष्टी विचारून या. पहिलं, सकाळी पहिल्या तासाला किती मुलं काही न खाता आली? हे शिक्षिकेनं हजेरीबरोबर आठवडाभर, पण एकेकाला हळूच विचारून लिहून ठेवलं, तरी त्या शाळेचं चित्र समोर येईल. दुसरं, जेवण किती वाजता वाढतात? काही ठिकाणी नुसती मधली सुट्टी तासभर अलीकडे आणली तरी सतराचे सोळा होतात, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. तिसरं, स्वयंपाक करणाऱ्या बाईला मानधन दर महिन्याला मिळतं का, की चार-चार महिने थकतं? चौथं, शाळा व्यवस्थापन समितीत हे प्रश्न शेवटचे कधी निघाले? समितीत बहुसंख्य सदस्य पालकच असतात. त्यांनी ठराव केला तर तो वर जातो.

वाढदिवस, पुण्यतिथी, लग्नकार्य यानिमित्त शाळेत जेवण देण्याची 'तिथी भोजना'ची सोय योजनेतच आहे. त्यात केक-फरसाणाऐवजी महिनाभराचे शेंगदाणे-गूळ किंवा चणे दिले, तर ते मुलांच्या जास्त उपयोगी पडतील. मात्र दानातून रोजची न्याहारी चालत नाही. दाता एक दिवस येतो आणि भूक रोज लागते. रोजचं काम सरकारचंच आहे, आणि ते त्याच्याकडून मागणं हे आपलं.

तुमच्या भागातल्या शाळेत जेवण किती वाजता वाढतात, ते आम्हाला जरूर कळवा. गावाचं आणि राज्याचं नाव लिहा, मुलांची नावं नकोत.